घणसोली, रविवार, दुपारी चार: प्रत्यक्ष भेटी घडवणाऱ्या अ‍ॅपचं एक प्रकरण

ठाणे-वाशी गाडीत ज्यांचा डबा वर्षानुवर्षं ठरलेला होता, त्यांना विचारून पाहा, ग्रुप जमला कसा? धड उत्तर कुणालाच देता येणार नाही. कुणी कुणाला बोलावलेलं नसतं. रोज तीच गाडी, तोच डबा, दाराजवळचा तोच कोपरा. पंधरा दिवस नुसती मान हलते, मग कुणीतरी बॅग धरायला देतं, मग एक दिवस डब्यातलं थालीपीठ फिरतं. दसऱ्याला डबा सजवायची वेळ येते तेव्हा वर्गणी मागायला कुणी लाजत नाही. पुढे ऑफिस आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर आलं आणि पुष्कळांचा हा डबा सुटला.

एकटेपणावर अ‍ॅप काढायला निघालेल्या मंडळींना मात्र पहिल्यांदा सुचतं ते जुळवाजुळवीचं यंत्र. आवडीनिवडी विचारा, गुण काढा, जोडी लावा, म्हणजे वधूवर सूचक मंडळाचीच पद्धत. गाडीतल्या ग्रुपमध्ये आवडी जुळलेल्या नसतात, वेळ जुळलेली असते. ही एक गोष्ट धरून अ‍ॅप बांधायचं ठरवलं तर काय काय करावं लागतं आणि कुठे कुठे घसरायला होतं, ते या प्रकरणात मांडलं आहे. प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. त्यातली माणसं आणि रविवार कल्पित आहेत. जागा, कायदे आणि हिशोब खरे आहेत.

कोणासाठी

नवी मुंबईच्या ऐरोली ते महापे पट्ट्यात नोकरी, मुक्काम तिथल्याच घणसोलीत. वय २३ ते ३२. गाव लातूर, नांदेड, अमरावती, जळगाव, सांगली, कुठलंही, पण नवी मुंबई नव्हे. पीजीत एका खोलीत तिघं किंवा गावठाणातल्या इमारतीत भाड्याने चौघं. म्हणजे अवतीभवती माणसं भरपूर आणि तरी रविवारी दुपारी जेवण झाल्यावर कुणाला फोन करावा हा प्रश्न. खोलीतल्या तिघांच्या तीन शिफ्ट असल्या की एकमेकांचं दर्शन बहुतेक झोपलेल्या अवस्थेतच होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक नातेसंबंधांवरील आयोगाने जून २०२५च्या अहवालात जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो असं म्हटलं. पण घणसोलीतल्या मुलाला 'तुला एकटं वाटतं का?' असं विचारलंत तर तो 'नाही हो' म्हणेल आणि फोनमध्ये डोकं घालेल. म्हणून जाहिरातीत, अ‍ॅपच्या नावात, पहिल्या पडद्यावर कुठेही एकटेपणा हा शब्द नको. 'रविवारी चारला चहा, आठ रविवार, तीच माणसं' एवढं पुरतं. इलाजाला कुणी येत नाही, चहाला येतात.

चमू तिघांचा: एक कोड लिहिणारा, एक हॉटेलं-बागा फिरून जागा ठरवणारा, आणि तक्रारींचा फोन उचलणारी एक बाई. हा तिसरा माणूस 'पुढे बघू' म्हणून वगळला जातो, आणि पहिली तक्रार येते तेव्हा ती कोडवाल्याच्या मेलमध्ये तीन दिवस पडून राहते.

पहिल्या फेरीत ४८ माणसं, आठ-आठांचे सहा गट, सगळे घणसोलीतच. कोपरखैरणे नको, वाशी नको. एक नोड, म्हणजे नवी मुंबईतलं एक उपनगर, भरल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. नवी मुंबईभर ४८ विखुरले तर ऐरोलीचे सहा, नेरुळचे पाच, खारघरचे नऊ असे निघतात आणि कुणाचाच गट धड बसत नाही. शिवाय रविवारी दिवसा बहुतेक वेळा लोकलचा मेगाब्लॉक असतो. 'ब्लॉक होता' हे न येण्याचं असं कारण आहे की त्यावर कुणी उलट बोलू शकत नाही. भेट घरापासून २० मिनिटांच्या चालीवर असली की हे कारणच उरत नाही.

आठ का

टेबलावर सहा माणसं चांगली दिसतात, म्हणून सहांना बोलावलं जातं. इथे थोडं गणित करावं. पहिल्या फेरीत 'येतो' म्हणणाऱ्याची प्रत्यक्ष येण्याची शक्यता दहात सहा धरू. आकडा गृहीत आहे. आपल्या पहिल्या दोन रविवारांनंतर तो बदलावा. गप्पा होण्यासाठी किमान चौघं हवेत. तिघांत एक जण गप्प बसला की उरलेल्या दोघांची मुलाखत होते. सहांना बोलावलं तर चार किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात ५४. म्हणजे जवळजवळ निम्मे रविवार फसणार. आठांना बोलावलं तर तीच शक्यता ८३वर जाते आणि सात किंवा आठ येऊन गर्दी होण्याची शक्यता ११च राहते. नऊ केले तर चौघांची खात्री ९०, पण सातांपेक्षा जास्त किंवा सात येण्याची शक्यता २३. म्हणून आठ.

या गणितात एक भोक आहे. प्रत्येकाचं येणं-न येणं वेगळं आहे असं त्यात धरलंय. जुलैत दुपारी तीनला आभाळ फुटलं की आठही जण एकदमच खिडकीतून बाहेर बघतात. गणपती, दिवाळी, जोडून आलेली सुट्टी, यांतही सगळे एकदम गावाला. त्यामुळे फेरी कधी सुरू करायची हे वरच्या टक्केवारीपेक्षा महत्त्वाचं. मकर संक्रांतीनंतरचा पहिला रविवार ते मार्चचा पहिला पंधरवडा हा सगळ्यात स्वच्छ पट्टा. ऑगस्टमध्ये सुरू केलेली फेरी गणपतीत मोडते आणि मोडलेला गट पुन्हा बसत नाही.

फेरी आठ रविवारांचीच का, चारांची का नाही? कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात तोंडओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात असं दिसलं. जवळच्या मैत्रीला २००च्या वर. दीड तासाच्या आठ भेटी म्हणजे १२ तास. पन्नासाच्या पावभरही नाही. हे चमूने आधीच मान्य करावं. अ‍ॅप मैत्री करून देत नाही. पुढचे ३८ तास या माणसांनी आपले आपण काढावेत इतपत त्यांची भीड मोडणं, एवढंच त्याच्या हातात आहे. बाजारातली बरीच अ‍ॅप दर वेळी नवी सहा माणसं समोर बसवतात. पहिल्या भेटीची गंमत येते, तिचीच चटक लागते, आणि वर्षभरात पन्नास माणसांना 'तू काय करतोस?' विचारून झालेलं असतं.

टेबल

जागा बघायला जाणाऱ्याने सोबत मोजपट्टी न्यावी, हे थट्टेनं लिहिलेलं नाही. उडपी हॉटेलात चार-चारांची टेबलं असतात आणि कित्येक ठिकाणी ती जमिनीला स्क्रूने बसवलेली असतात. आठ जण आले की दोन टेबलांवर चार-चार बसतात, मध्ये वेटरची वाट, आणि दोन वेगळे गट तयार. पुढच्या रविवारी माणसं आपोआप आपल्याच टेबलाकडे जातात. टेबलं जोडता आली पाहिजेत. जोडून लांबी दोन मीटरच्या वर गेली तर टोकाच्या दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही. तसंही चारपेक्षा जास्त माणसांत एकच गप्पा फार वेळ टिकत नाहीत, त्या फुटतात. फुटू द्याव्यात, फक्त दर वेळी वेगळ्या फुटाव्यात. त्यासाठी चहा आला की एकाने जागा बदलायची, एवढा एकच नियम.

वेळ दुपारी ४ ते ५:३०. रविवारी सकाळी उडपी हॉटेलाबाहेर नंबर लावून लोक उभे असतात आणि तुमच्या आठांकडे बघत बसलेल्या कुटुंबासमोर गप्पा सुचत नाहीत. सहानंतर पुन्हा गर्दी. चारला मात्र अण्णा स्वतः गल्ल्यावर पेपर वाचत असतात. त्यांच्याशी सौदा असा करावा: दोन टेबलं, दीड तास, बिल किमान ४८० रुपये, माणसं कमी आली तरी. माणशी ६० रुपयांत इडली किंवा उपमा आणि चहा बसतो. 'बघा, जमेल तसं' असं तोंडी ठरवून आलात तर तिसऱ्या रविवारी टेबलावर वाढदिवसाची पार्टी बसलेली सापडेल. अ‍ॅडव्हान्स चार रविवारांचा द्यावा.

मिक्सरच्या भिंतीजवळचं टेबल टाळावं. चारला संध्याकाळची चटणी वाटायला घेतात.

पत्त्याची भानगड नवी मुंबईची खास आहे. सेक्टर १५ घणसोलीत आहे, कोपरखैरण्यात आहे, ऐरोलीत आहे आणि वाशीतही आहे. नुसतं 'सेक्टर १५, उडपी हॉटेल' लिहिलंत की एखादा नवखा रिक्षाने कोपरखैरण्यात उतरतो, वीस मिनिटं शोधतो, आणि 'मला कुणी सापडलं नाही' असं कळवून घरी जातो. तो परत येत नाही. त्याला वाटतं, हे आपल्याच बाबतीत होतं. म्हणून पत्ता नेहमी तीन तुकड्यांत: नोड, सेक्टर, समोरची ओळखीची खूण. शिवाय पहिल्या रविवारी स्टेशनच्या ठरलेल्या बाजूला सूत्रधाराने, म्हणजे भेट सांभाळणाऱ्या माणसाने, साडेतीनपासून उभं राहायचं आणि सोबत चालत न्यायचं. ही सात-आठ मिनिटांची चाल पहिल्या भेटीतला सगळ्यात चांगला वेळ असतो. शेजारी चालताना एकमेकांकडे बघावं लागत नाही.

आठ रविवार

सूत्रधार म्हणजे गटाबाहेरचा नववा माणूस. पहिले चार रविवार येतो, पाचव्यापासून येत नाही. त्याचं काम बोलणं नाही. बसायला लावणं, जागा बदलायला लावणं, वेळेत उठवणं. दीड तास झाला की गप्पा रंगल्या असल्या तरी उठवायचं. रंगात आलेली बैठक मोडली की पुढच्या रविवारी येण्याचं कारण शिल्लक राहतं. ओढून अडीच तास केलेल्या भेटीत शेवटचा अर्धा तास सगळे फोन बघत असतात आणि लक्षात तोच राहतो.

पहिल्या रविवारी ओळख करून द्यायची पण 'स्वतःबद्दल दोन मिनिटं सांगा' असं नको. ते इंटरव्ह्यूत होऊन गेलेलं असतं. प्रत्येकाने आपल्या पीजीच्या डब्यातली सगळ्यात वाईट भाजी सांगावी. दुधी सगळ्यांचाच निघतो. दुसऱ्या रविवारी हातांना काहीतरी काम: कॅरम किंवा पत्ते. तिसरा पुन्हा नुसता चहा. चौथा कोपरखैरण्याच्या निसर्ग उद्यानात फेरी. पाचव्याला सूत्रधार नाही. सहाव्याला प्रत्येकाने गावाहून आलेलं काहीतरी आणायचं, मग ती सोलापुरी शेंगाचटणी असो नाहीतर आईनं दिलेला मेतकुटाचा डबा. सातव्याला वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात दुपारचा प्रयोग असला तर तो, नाहीतर सागर विहारला खाडीकाठी. आठव्याला पुन्हा पहिल्याच टेबलावर.

घसरण तिसऱ्या रविवारी होते, म्हणून तो जवळून पाहू. पहिल्या दिवशीचं कुतूहल संपलेलं, सलगी अजून आलेली नाही. या प्रकरणात तिसऱ्या रविवारी पाच जण आलेत. चार वाजून दहा. नांदेडचा मुलगा चमचा उलटासुलटा करतोय. अमरावतीच्या मुलीने फोन पालथा ठेवलाय पण हात त्याच्यावरच आहे. एकाने शुक्रवारच्या प्रॉडक्शन इश्यूची, म्हणजे ऑफिसात चालू सॉफ्टवेअर बिघडल्याची, कथा सुरू केलीय आणि त्याला थांबता येत नाहीये. ऐकणाऱ्यांपैकी दोघी त्या क्षेत्रातल्याही नाहीत. या गटाची सूत्रधार एक ताई आहे; ती नवी असली तर इथे विषय काढायला धावते. 'चला, आपण एक गेम खेळू या!' टेबलावर शाळेची सहल उतरते.

करायचं इतकंच: चहा मागवणं, आणि चहा आला की उठणं.

'ताई, कुठे बसू मी?'
'तू तिकडे त्या टोकाला. आणि तू इकडे ये, खिडकीपाशी.'

बोलणारा टोकाला गेला, त्याचे श्रोते दोनावर आले. नांदेडचा आणि अमरावतीची समोरासमोर. मिनिटभर काही नाही. मग ती विचारते, 'तुमच्याकडे पाणी आलं का काल?' घणसोलीत पाण्यावरून बोलणं सुरू झालं की ते थांबत नाही. पाणी, मग पीजीच्या काकूंचा गीझर, मग डिपॉझिट परत मिळतं का, मग अकरा महिन्यांचा करार संपल्यावर कुठे जायचं. ती म्हणते, 'मला एप्रिलमध्ये खोली बघायचीय.' तो म्हणतो, 'मलाही.' फेरीतली पहिली खरी गरज इथे टेबलावर येते. ती काढण्यासाठी कुठल्याही अ‍ॅपने 'सखोल प्रश्न' सुचवायची गरज नव्हती. शांततेला एक मिनिट दिलं एवढंच.

न आलेल्या तिघांना त्या रात्री अ‍ॅपने 'तुम्ही भेट चुकवली' असं कळवू नये. गाडीतल्या ग्रुपात दोन दिवस न आलेल्याला 'काय रे, कुठे होतास?' म्हणतात, हजेरीचा लाल शेरा देत नाहीत. गटातल्याच एकाने, अ‍ॅपने नव्हे, 'आज दुधी निघाला नाही' एवढं लिहावं. दोन रविवार सलग न आलेल्याला सूत्रधाराने फोन करावा. तिसऱ्यांदा करू नये.

आडनाव, मुली आणि विमावाले

अ‍ॅपमध्ये फक्त पहिलं नाव. मराठी माणसांत आडनाव विचारणं म्हणजे काय विचारणं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. 'गाव कोणतं?' हा प्रश्न चालतो, त्यातून गप्पा निघतात. 'गावात कुठे राहता?' इथे सूत्रधाराने चहाची आठवण काढावी. आहार एवढाच विचारावा की हॉटेल निवडताना उपयोगी पडेल, आणि उत्तर इतरांना दाखवू नये.

आठांत मुली एकतर तीन किंवा जास्त, नाहीतर एकही नाही. एकटी मुलगी कधीच नको, दोघीही नकोत, कारण त्यांतली एक आली नाही की दुसरी एकटी. नुसत्या मुलींच्या गटाचा पर्याय पहिल्या पडद्यावर, खाली कुठेतरी दडवून नव्हे. अ‍ॅपमध्ये गटातल्या कुणालाही दुसऱ्याचा मोबाइल नंबर दिसत नाही. गटाचा चॅट शनिवारी संध्याकाळी उघडतो, रविवारी रात्री दहाला बंद. दोघांनी परस्परांना लिहिण्याची सोय चौथ्या भेटीनंतर, तीही दोघांनी स्वतंत्रपणे होकार दिला तरच. चमूतले लोक या नियमावर हमखास कुरकुर करतात, कारण चॅट बंद ठेवला की अ‍ॅप वापरल्याचे तास कमी दिसतात. दिसू देत.

तक्रारीचा फोन रविवारी ३:३० ते ८ माणूस उचलतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो चौकशी संपेपर्यंत गटाबाहेर; तक्रार करणारीने गट बदलावा असं तिला सुचवायचंही नाही. तातडीच्या बटणावर ११२.

सगळ्यात जास्त त्रास मात्र छेडछाडीचा निघत नाही, विकणाऱ्यांचा निघतो. विमा, साखळी पद्धतीची औषधी पावडर, शेअर बाजाराचा क्लास. एकटी, कमावती, पंचविशीतली आठ माणसं एका टेबलावर, त्यांना याहून चांगलं सावज कुठे मिळणार? असा माणूस पहिल्या दोन रविवारी सगळ्यात लाघवी असतो. नियम एकच आणि पहिल्या दिवशी मोठ्याने वाचलेला: टेबलावर काही विकलं, नाहीतर 'सोमवारी भेटू, एक संधी सांगतो' म्हटलं, की त्याच दिवशी बाहेर.

आणि एखादा म्हणाला, 'जगावंसं वाटत नाही', तर? सूत्रधार समुपदेशक नाही, तिने तसं होऊही नये. त्याला एकटं सोडायचं नाही, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर त्याच्यासोबत बसून लावायचा, जीव धोक्यात वाटला तर ११२, आणि घरच्यांपैकी कुणाला कळवायचं ते त्यालाच विचारायचं. हा प्रसंग सूत्रधाराच्या प्रशिक्षणात आधी बोलून झालेला असावा.

कोड

पहिली फेरी कोडशिवाय: एक फॉर्म, एक तक्ता, व्हॉट्सअ‍ॅप. ४८ माणसांचे सहा गट हाताने दीड तासात लागतात. क्रम असा: चालण्याचं अंतर, मग मुलींचा नियम, मग वयातलं अंतर आठ वर्षांच्या आत, मग एकाच ऑफिसातले आणि एकाच पीजीतले वेगळे. आवडीनिवडी या यादीत नाहीत. हाताने लावताना जे नियम पाळले तेवढेच पुढे कोडमध्ये जावेत.

अ‍ॅपला पाच पडदे पुरतात: नोंदणी, माझा गट, पुढचा रविवार, चॅट, तक्रार. शनिवारी रात्री आठला 'येतोय / येत नाही', रविवारी दुपारी एकला पत्ता. हजेरीसाठी जीपीएस नको. इमारतीत तो दोन गल्ल्या पलीकडे दाखवतो आणि लोकांना पाळत ठेवल्यासारखं वाटतं. सूत्रधार येतो त्या चार रविवारी त्याच्या फोनवरचा चार आकडी कोड टाकला की झालं. बऱ्याच स्वस्त अँड्रॉइड फोनांत बॅटरी वाचवायच्या सेटिंगमुळे नोटिफिकेशन पोचतच नाही. म्हणून एसएमएसची जोड हवी, आणि भारतात तसा एसएमएस पाठवायला डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांची नोंदणी यंत्रणा) संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. ते काम अ‍ॅप तयार झाल्यावर सुरू केलं तर त्यापायी उद्घाटन लांबतं.

१३ नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या वैयक्तिक गूगल प्ले खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. पहिल्या फेरीची माणसं इथे कामी येतात. तक्रार आणि ब्लॉकची सोय, खातं अ‍ॅपमधून आणि वेबवरून पुसण्याची सोय, यांतली एक जरी नसली तरी प्लेवर अडतंच.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यायला सांगितलं आहे. ती मराठीत लिहावी, भाषांतरयंत्रातून काढलेली नव्हे. अठराखालच्यांना प्रवेशच नको.

पैसे

माणशी ६३० रुपये, एकरकमी: ४८० आठ चहांचे, १५० सूत्रधाराचे. सूत्रधाराला रविवारी ३०० रुपये, सहा गट, चार रविवार, म्हणजे ७,२००. ४८ जणांचे दीडशे मिळून तेवढेच. कोडवाल्याचा पगार या गणितात नाही.

न आलेल्याला दंड लावावा का? इस्राएलमधल्या हैफात पाळणाघरांनी उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला तेव्हा उशीर वाढला होता. दंड भरला की अपराधी वाटेनासं झालं. इथेही ६० रुपयांत गैरहजेरी विकत घेता आली तर लोक घेतील. त्यापेक्षा भिशीची रीत बरी: पैसे आधीच गटात पडलेले, तू आला नाहीस तर तुझ्या वाटच्या इडलीऐवजी बाकीचे मेदूवडा खातील. आणि त्याच रात्री तुला ते सांगतीलही.

ऑफिसं पैसे द्यायला तयार होतात, माणशी हजार रुपयेसुद्धा. त्यांना बदल्यात कोण आलं, कोण नाही याची यादी हवी असते. इथे नाही म्हणावं लागतं.

मोजणार कसं

एकटेपणा मोजायला तीन प्रश्नांची एक मापपट्टी जगभर वापरतात, अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या मापपट्टीचं छोटं रूप. सोबतीची उणीव किती वेळा वाटते, वगळल्यासारखं किती वेळा वाटतं, तुटल्यासारखं किती वेळा वाटतं. क्वचितच, कधीकधी, बरेचदा. गुण ३ ते ९, जास्त गुण म्हणजे जास्त एकटेपणा. शब्दशः मराठी केलं की मधला प्रश्न पांगळा होतो. 'वगळलं जाणं' लोकांना मतदारयादी आठवून देतं. 'चारचौघांत आपल्याला कुणी धरत नाही असं किती वेळा वाटतं?' असं विचारलं की उत्तर येतं. पाच जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि त्यांना काय समजलं ते त्यांच्या शब्दांत विचारा. तेवढी चाचणी तरी हवीच.

फेरीआधी, चौथ्या रविवारनंतर, आठव्यानंतर आणि त्यानंतर बारा आठवड्यांनी विचारा. मग सरासरी ७वरून ५वर आली म्हणून कुणी फलक लावण्याआधी दोन गोष्टी. माणूस नाव नोंदवतो तो त्याच्या सगळ्यात वाईट आठवड्यात. काहीही केलं नसतं तरी दोन महिन्यांनी त्याला थोडं बरं वाटलं असतंच. दुसरं, आठव्या रविवारी उत्तर देतात ते टिकलेले. ज्यांना टेबल नकोसं झालं ते कधीच गेलेले. पहिल्यावर उपाय प्रतीक्षायादीचा. ९६ जणांनी नोंदणी केली तर चिठ्ठ्या टाकून ४८ आता, ४८ पुढच्या फेरीत. थांबलेल्यांनाही तेच तीन प्रश्न त्याच दिवशी. दोघांतला फरक तो आपला. दुसऱ्यावर उपाय फोनचा: गेलेल्या प्रत्येकाला एकदा. गुणांचा तक्ता नावांपासून वेगळा ठेवा आणि बारा आठवड्यांनंतरची शेवटची उत्तरं आली की नावांची जोड पुसून टाका.

नववा रविवार

आठव्या भेटीनंतर शनिवारी रात्री आठचा निरोप जात नाही. पत्ता जात नाही. अण्णांकडे अ‍ॅडव्हान्स नाही. इथे धंदेवाईक सल्लागार सांगेल की हीच सदस्यता वाढवण्याची वेळ आहे, 'तुमचा गट चालू ठेवा, फक्त ९९ रुपये.' ऐकू नये. गट अ‍ॅपच्या निरोपावरच जमत असेल तर बारा तास वाया गेले आहेत, आणि ते ९९ रुपये घेऊन भरून निघत नाहीत.

नवव्या रविवारी चारला चमूतला कुणी हॉटेलात बघायलाही जाऊ नये. सोमवारी सकाळी अ‍ॅप एकच प्रश्न विचारतं: 'काल गटातलं कुणी भेटलं का?' 'नाही' म्हटलं तर पुढच्या फेरीत राखलेली जागा दाखवायची, त्याच सेक्टरात, वेगळ्या आठांत. 'हो' म्हटलं तर पुढे काही विचारायचं नाही. कुठे भेटलात, किती जण होता, काय खाल्लंत, काहीच नाही.